आधी आजी-आजोबा, मग हॉल: शाळेचा नाताळ आणि सेवाकार्य नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की मुंबईतल्या ख्रिस्ती शाळांच्या स्टाफरूममध्ये एक प्रश्न ठरलेला: यंदा नाताळचा कार्यक्रम कोण बघणार? नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षिकेकडे किंवा पालक-शिक्षक संघात नव्याने आलेल्या पालकाकडे तो हमखास येतो. हातात जेमतेम पाच आठवडे असतात. त्यातच युनिट टेस्ट, क्रीडादिन आणि दहावीच्या प्रिलिमची तयारी. हा लेख अशांसाठी आहे.

गाडं बहुतेक एकाच जागी अडतं. आधी हॉलमधला मोठा कार्यक्रम ठरतो, त्यात सगळी ताकद जाते, आणि सेवाकार्य व्हायलाच हवं म्हणून शेवटच्या आठवड्यात घाईघाईने वृद्धाश्रमाची एक भेट जोडली जाते. क्रम उलटा करा. कुणाकडे जायचं ते आधी ठरवा. त्यांच्यासमोर करता येईल असा चाळीस मिनिटांचा, एका बसमध्ये मावणारा कार्यक्रम बसवा आणि मग तोच वाढवून हॉलमध्ये करा. मुलांना पहिला खरा प्रेक्षक मिळतो, चुका लहान खोलीत कळतात आणि आपण कुणासाठी गातोय हे समजावून सांगावं लागत नाही.

पहिला आठवडा: जागा ठरवणं

शोध जवळून सुरू करा. शाळा कॅथलिक असेल तर त्याच आवारातल्या किंवा शेजारच्या चर्चमध्ये बहुधा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा असते. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. गरजू कुटुंबांच्या घरी जाऊन भेटणं हीच तिची पद्धत, त्यामुळे वस्तीत कुणाकडे खरोखर अडचण आहे हे तिथल्या कार्यकर्त्यांना घरोघर ठाऊक असतं. प्रॉटेस्टंट शाळेत हीच माहिती पाळकांकडे आणि महिला मंडळाकडे मिळते. मुलांना घेऊन जायला वृद्धाश्रम सगळ्यात सोयीचा, कारण तिथे मुलांना बोलता येतं, बसता येतं आणि पुन्हा जाता येतं.

अनाथाश्रम किंवा बालगृह निवडणार असाल तर एक गोष्ट आधीच पक्की करा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार तिथल्या मुलांची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शाळेच्या वार्षिक अंकातला किंवा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा फोटोही यात धरायचा. तिथे जाताना मोबाइल बसमध्येच ठेवायचे हा नियम सोपा आणि पुरेसा.

जागा ठरली की मुलांना नेण्याआधी एकदा स्वतः जाऊन या. फोनवर सगळं ठीक वाटतं, पण प्रत्यक्षात कार्यक्रमाची खोली दुसऱ्या मजल्यावर निघते, लिफ्ट बंद असते आणि कीबोर्डला लागणारा प्लग भिंतीच्या पलीकडच्या टोकाला असतो. पाहून घ्यायचं ते असं: खोलीची लांबी-रुंदी, खुर्च्या किती, व्हीलचेअर किती, किती जणांना ऐकू कमी येतं, मुलांसाठी स्वच्छतागृह आहे का आणि बस कुठे उभी राहील. वेळही तिथल्या दिनक्रमाप्रमाणे घ्या. सकाळी साडेदहा ते साडेअकरा उत्तम, नाश्ता झालेला असतो आणि जेवणाला अवकाश असतो. दुपारी दोनला गेलात तर झोपेतून उठवलेली, चष्मा शोधणारी माणसं समोर बसतील.

कार्यक्रमात काय घ्यायचं

नेण्याच्या कार्यक्रमाला तीस मुलं पुष्कळ झाली, आणि दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस. चार-पाच नाताळगीतं, येशूजन्माचं बारा-पंधरा मिनिटांचं नाट्य आणि उरलेला वेळ गप्पांसाठी. हॉलमध्ये यालाच बालवर्गाचे दोन नाच, दुसरा एखादा गायनगट आणि सेवाकार्याची पाच मिनिटांची माहिती जोडली की सव्वा तास भरतो. हिशेब करताना दोन प्रवेशांमधला वेळ विसरू नका. बारा बाबी असतील आणि प्रत्येकीनंतर मुलं चढण्या-उतरण्यात दोन मिनिटं गेली तर चोवीस मिनिटं नुसती पडद्यासमोर जातात. कार्यक्रम लांबतो तो इथे, आणि मग ओरडा गाणाऱ्या मुलांना बसतो.

मराठी गाणी घ्याच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजनं आणि अभंग मराठी ख्रिस्ती मंडळींमध्ये आजही म्हटले जातात. वृद्धाश्रमात पेटी-तबल्यावर असं एखादं भजन सुरू झालं की एरवी मान खाली घालून बसलेल्या आजीही ओठ हलवू लागतात. चार गाणी मुलांची, एक त्यांच्या ओळखीचं, असं प्रमाण ठेवा. तबलजीला सांगायचं सोपं सूत्र असं: झुलत्या चालीची बरीचशी कॅरोल, म्हणजे नाताळगीतं, दादऱ्यात नीट बसतात, सरळ चालीची केरव्यात. तालमीला ढोलकी आणि कार्यक्रमाला ड्रमसेट असं करू नका, मुलं बुजतात.

गाण्याच्या तालमीत दोन गोष्टी हटकून बिघडतात. पहिली गोष्ट पट्टी. शिक्षिका आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतात किंवा मोठ्यांसाठी केलेला कराओके ट्रॅक लावतात, आणि मुलांचा आवाज खाली गुरगुरतो किंवा वर किंचाळतो. मधल्या ‘सी’पासून वरच्या ‘डी’पर्यंत मुलांचा गळा मोकळा असतो. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर या हद्दीत बसेल अशी पट्टी कीबोर्डवर ठरवून ती वहीत लिहून ठेवा. आठवी-नववीच्या मुलांचा आवाज फुटायला लागलेला असतो. त्यांना वरच्या सुरात ओढू नका, खालच्या सप्तकात गाऊ द्या किंवा झांज, खंजिरी द्या. त्या वयात वर्गासमोर आवाज चिरकला तर मुलगा पुढे गायचंच सोडतो.

दुसरी गोष्ट लय. सुरुवातीला संथ असलेलं गाणं तिसऱ्या कडव्याला धावायला लागतं. तालवादक बदलून ते थांबत नाही, कारण मुलांना श्वास घ्यायला जागा दिलेली नसते. ओळ संपायच्या आत दम जातो म्हणून ती पुढे पळतात. प्रत्येकाच्या कागदावर पेन्सिलने श्वासाच्या खुणा करा आणि पहिले दोन दिवस नुसते शब्द श्वासासह म्हणवून घ्या, चाल नंतर.

येशूजन्माचं नाट्य

कथा दोन शुभवर्तमानांतून, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्राच्या पुस्तकांतून, येते. लूकच्या दुसऱ्या अध्यायात उतारशाळेत जागा न मिळणं, गव्हाण, मेंढपाळ आणि देवदूत आहेत. मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात तारा, राजा हेरोद आणि मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी. मागी किती होते हे मत्तय सांगत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तीनची प्रथा पडली. नाटकाला याचा उपयोग होतो: एखादं मूल जास्त असेल तर चौथा मागी घेऊन कुणाचंही वाक्य मोडत नाही.

संहिता मुलांच्या बोलण्यातली असू द्या. ‘हे देवदूता, तुझे आगमन कशास्तव झाले’ असं वाक्य पाठ होतं, पण पोहोचत नाही. निवेदकाकडे पवित्र शास्त्रातली वचनं जशीच्या तशी ठेवा आणि पात्रांना साधं बोलू द्या. एका पात्राला सलग तीनपेक्षा जास्त वाक्यं नकोत.

पात्रांची निवड हा नाजूक भाग. मरीयेला बोलायचं फारसं नसतं, पण दहा-बारा मिनिटं शांत बसायचं असतं. म्हणून सगळ्यात गोड दिसणारी मुलगी शोधण्यापेक्षा जिला स्वस्थ बसता येतं तिला घ्या. देवदूत गोरे असतात असं कुठल्याही शुभवर्तमानात लिहिलेलं नाही, तरी दरवर्षी गोऱ्या मुलींना पंख आणि सावळ्या मुलांना घोंगडी मिळते. मुलं हे पाहतात आणि लक्षात ठेवतात. ज्यांना रंगमंचावर यायचं नाही त्यांना प्रॉम्प्टिंग, पडदा, सामानाची यादी द्या आणि त्यांची नावं पत्रिकेत छापा.

वर्गात बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नसणं हे मुंबईत नेहमीचंच. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणून सर्क्युलर पाठवताना नाटक-गाणी आणि प्रार्थना यांच्यासाठी संमतीच्या दोन वेगळ्या चौकटी ठेवा. फोटोसाठी तिसरी. पालक मोकळेपणाने ‘हो’ म्हणतात ते अशा पत्राला. काही मोघम ठेवलं की शंका येतात आणि रंगीत तालमीच्या दिवशी मूल काढून घेतलं जातं.

बाळ येशूसाठी बाहुली घ्या, खरं बाळ नको. बऱ्याच चर्चमध्ये गोठ्यातली बाळाची मूर्ती २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीच ठेवतात. तुमचा कार्यक्रम १८-१९ तारखेला असेल तर बाळ दाखवायचं की रिकाम्या गव्हाणीवर प्रकाश टाकायचा हे फादरना विचारा. गव्हाण म्हणजे आंब्याची जुनी लाकडी पेटी, वरच्या कडेला सँडपेपर मारून. तबेल्यातून पेंढा आणलात तर एक दिवस उन्हात पसरून झटका. न झटकलेल्या पेंढ्यातली धूळ उडते आणि नेमका योसेफ शिंकत सुटतो. दम्याचं मूल गव्हाणीपासून लांबच्या भूमिकेत हवं. पेंढ्याजवळ खरी मेणबत्ती कधीच नको, बॅटरीवरची वापरा.

पोशाखांचा फार खर्च करू नका. मेंढपाळांना घरातली घोंगडी आणि पंचे, योसेफाला साधा लांब झगा. राजेशाही मागी तेवढे ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणा, पण नोव्हेंबरातच सांगून ठेवा, डिसेंबरात सगळ्या शाळा त्याच दारात असतात. कापड लागलंच तर मंगलदास मार्केट, सजावटीचं सामान क्रॉफर्ड मार्केट. पंखांना थर्माकोल चालणार नाही, १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. जाड पुठ्ठ्याला पांढरा कागद चिकटवा. दोन्ही पंख मिळून दोन फुटांपेक्षा रुंद झाले तर देवदूत विंगेतून आडवा होऊनच बाहेर पडतो. इलास्टिकचे पट्टे खांद्यावरून घेऊन पाठीवर एकमेकांवर फुली मारा, सरळ लावले तर घसरतात. दाढी डिंकाने चिकटवू नका, कोवळ्या कातडीला पुरळ येतं. काजळाने रेखा किंवा कानाला अडकवायची घ्या.

आवाज आणि दिवे

माइक स्पीकरच्या पुढे उभा केला की शिट्टी वाजते. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत. समूहगानाला प्रत्येकाच्या हातात माइक देण्याऐवजी समोर दोन स्टँड पुरतात. कॉलर माइकच्या बॅटऱ्या कार्यक्रमाआधी नव्या घाला, तालमीतल्या नकोत. हजार वॅटचे हॅलोजन भाड्याने आले तर पंधरा अँपिअरच्या एका पॉइंटवर तीनच चालतात, चौथा लावला की फ्यूज जातो. एलईडी दिवे मागा, मुलांना उकडतही नाही.

मैदानात कार्यक्रम असेल तर लाउडस्पीकरसाठी स्थानिक पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते, अर्ज निदान दोन आठवडे आधी द्या. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर असेल तर दिवसाही ५० डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे साध्या बोलण्याहून कमी. तिथे हॉलच बरा. गाण्यांच्या हक्कांबाबत: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली शैक्षणिक सवलत प्रेक्षक विद्यार्थी, पालक, शिक्षक आणि शाळेशी थेट संबंधित असतील तोवरच आहे. तिकीट विकून बाहेरच्यांना बोलावलंत तर ती राहत नाही.

शिधा गोळा करणं

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्यानंतरच्या सोमवारी सुरुवात करा. कॅथलिक प्रथेत आगमनकाळाच्या चक्रावर, म्हणजे पानांच्या गोल कड्यावर, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती असते, दर रविवारी एक लागते. पहिल्या दोन आठवड्यांत एकेक जिन्नस असा मेळ घातला तर मुलांना आज काय आणायचं ते लक्षात राहतं. तिसरा आठवडा पिशव्या भरायला मोकळा ठेवा.

‘जे जमेल ते आणा’ असं कधीही सांगू नका. दोनशे बिस्किटांचे पुडे, नूडल्स आणि मुदत उलटलेलं सूप जमतं, डाळ एक किलोही येत नाही. वर्गवार एकच जिन्नस द्या. चाळीस कुटुंबांसाठी हिशेब असा: एका पिशवीत तांदूळ ५ किलो, तूरडाळ १ किलो, साखर १ किलो, तेल १ लिटर, मीठ १ किलो, चहा पावडर २५० ग्रॅम आणि साबण. पन्नास मुलांच्या तुकडीतून चाळीस जण आणतात असं धरा. मग पाच तुकड्यांनी माणशी एक किलो तांदूळ आणला की २०० किलो होतात. सहावी तुकडी डाळ, सातवी साखर, आठवी तेलाची पिशवी, नववी चहा आणि एक साबण. मीठ शाळेनेच एकदम घ्यावं, मुलांच्या दप्तरात फाटलं की वह्या जातात.

तांदूळ बंद पाकिटातलाच मागा. सुटा तांदूळ एकाच पिंपात ओतला की जुना-नवा मिसळतो, अर्धा शिजतो आणि अर्धा कच्चा राहतो, शिवाय एका घरातले टोके सगळ्यांत जातात. तारीख तपासायला सातवीची मुलं बसवा, ती फार काटेकोर असतात. तेल वेगळ्या पिशवीत उभं ठेवा. भरलेली पिशवी नऊ किलोच्या वर जाते, तेव्हा ती दोन हँडलांच्या कापडी पिशवीत घाला आणि दोघांनी धरा.

कुणी काय आणलं याची यादी वर्गात लावू नका. ज्यांना पिशवी द्यायची त्यांतली काही मुलं त्याच बाकावर बसलेली असतात. रिकाम्या हाताने आलेल्या मुलाला पिशव्या भरायला बसवा, तेही कामच आहे. रोख पैसे मुलांकडून गोळा करू नका. पालक देत असतील तर ऑफिसमध्ये पावती घेऊन. पिशव्या रात्री किंवा संध्याकाळी घरी पोहोचवा, आणि रंगमंचावर बोलावून कधीही देऊ नका.

किनारा साफ करायचा असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच तारीख घ्या. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या शनिवारची ओहोटी या शनिवारी कामाची नाही. माहीम-दादरला जी-उत्तर, वांद्र्याला एच-पश्चिम, वर्सोव्याला के-पश्चिम वॉर्डाच्या घनकचरा विभागाला आधी पत्र द्या. गाडी आली नाही तर भरलेली पोती पुढच्या भरतीला पुन्हा समुद्रात. काच आणि सुया मोठ्यांनीच उचलायच्या.

भेटीचा दिवस

सर्दी-खोकल्याचं मूल घरी राहू दे, कितीही रडलं तरी. तिथल्या वयाला साधा फ्लू जड जातो. फुगे आणि फुलबाज्या नेऊ नका, फुगा फुटला की घाबरून उठताना माणूस पडतं. खाऊ मऊ असू द्या: केक, केळी. चिक्की आणि कडक न्युऱ्या (नाताळच्या करंज्या) दातांना झेपत नाहीत, आणि मधुमेहींसाठी काय चालेल ते तिथल्या सिस्टरना आदल्या दिवशी विचारा.

गाणी नेहमीपेक्षा थोडी संथ घ्या आणि माइक असला तरी बंद ठेवा. श्रवणयंत्र लावलेल्यांना त्या कर्कश आवाजाचा त्रास होतो. कार्यक्रम संपला की मुलांना लगेच बसकडे वळवू नका. दोन मुलं, एक आजी किंवा आजोबा, अशी जोडी लावून वीस मिनिटं द्या. मुलं गप्प बसतात कारण त्यांना सुरुवात सुचत नाही, म्हणून प्रश्न आधी शिकवा. ‘आजी, तुमची शाळा कुठली?’, ‘तुमच्याकडे नाताळला काय करायचे?’, ‘हे गाणं तुम्हाला येतं का?’ ‘तुमची मुलं भेटायला येतात का?’ हा प्रश्न मात्र कुणीही विचारायचा नाही, हे स्पष्ट सांगून ठेवा. कुणी रडलं तर मुलाने हात धरून बसावं, लांब सरकू नये. हे बसमध्ये चढण्याआधी दोघादोघांना उभं करून करवून घ्या.

गावठाणात कॅरोल म्हणत फिरणार असाल तर खोताची वाडी, रणवार, माथारपाखाडी अशा ठिकाणी नाक्यावरचे जुने क्रूस हे थांबे ठरवा. त्यांतले बरेच १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभे राहिले. गल्ल्या अरुंद आहेत, पंचवीसच्या वर मुलं नकोत, आणि साडेआठपर्यंत घरी.

नंतरचं काम

ड्रेपरी दुसऱ्याच दिवशी परत करा, भाडं दिवसावर असतं. पंख आणि गव्हाण कापडात गुंडाळून नाव लिहून कपाटात. मग एक वही काढा आणि त्यात प्रत्येक गाण्याची पट्टी, प्रत्येक प्रवेशाला लागलेला खरा वेळ, किती किलो तांदूळ कमी पडला, बस कितीला निघाली आणि कितीला पोहोचली हे लिहा. पुढच्या वर्षी हे काम ज्यांच्याकडे येईल त्यांना ही वही सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. त्याच पानावर वृद्धाश्रमाची पुढची तारीखही घाला. जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा शनिवार बरा, तोवर नाताळचे पाहुणे येऊन गेलेले असतात आणि तिथे पुन्हा शांतता झालेली असते. सहा-आठ मुलं आणि पेटी एवढंच न्या.